दिवसा पाहावयाचा तारा

खगोलशास्त्र म्हणजे रात्री गच्चीवर जाऊन करावयाचा अभ्यास, अशी जी समजूत आपल्या शाळांतून नकळत रुजते आणि आकाशदर्शनाच्या सहलींनी जिला पुढे खतपाणी मिळते, तिच्यात एक मोठी उणीव राहून जाते. ती अशी की, ज्याचे वाटोळे बिंब आणि त्या बिंबावरील घडामोडी साध्या साधनांनीही तपशिलाने पाहता येतात, असा आपल्या वाट्याला आलेला एकमेव तारा दिवसा उगवतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचावयास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. त्याच्या पलीकडच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश येण्यास चार वर्षांहून अधिक काळ जावा लागतो, आणि एवढ्या अंतरावरून तो तारा उत्तम दुर्बिणीतही केवळ एक ठिपका म्हणूनच दिसतो. ज्या विद्यार्थ्याला विश्वाच्या भौतिकीत पहिले पाऊल टाकावयाचे आहे, त्याने ते दिवसाढवळ्या टाकावे, या मताचा मी असल्यामुळे, दक्षिणेतील प्रवासात कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचा मुक्काम मी आग्रहाने ठरवून घेतला होता.

उत्तरेकडून मदुराईस जाणारी आगगाडी दिंडिगल मागे टाकून कोडाई रोड नावाच्या स्थानकावर थांबते. तेथून सुमारे ८० किलोमीटरची वाट आहे. पहिला टप्पा सपाटीवरच्या नारळीच्या बागांतून आणि बट्टलगुंडूच्या गजबजलेल्या बाजारातून जातो. मग पळणीचे डोंगर अंगावर आल्यासारखे समोर उभे राहतात आणि गाडी घाटाला लागते. कॉफीचे मळे, डोंगरी केळीच्या बागा, मग निलगिरीची उंच झाडे अशी वनस्पतींची पायरीपायरीने बदलत जाणारी रांग पाहत वर जाताना, सपाटीवर घामाने चिंब झालेला प्रवासी घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत शाल शोधू लागतो. गावातील तळे, होड्या, चॉकलेटची दुकाने आणि निलगिरी तेलाच्या बाटल्या यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. बहुतेक प्रवासी तेथेच रमतात आणि तळ्यापासून काही किलोमीटरच्या अंतरावर, समुद्रसपाटीपासून २३४३ मीटर उंचीच्या टेकडीवर शतकाहून अधिक काळ सूर्याची रोजनिशी लिहिणारे एक दप्तर आहे, याची त्यांना वार्ताही नसते.

हे दप्तर येथे का थाटले गेले, याचे कारण मात्र खगोलशास्त्रात नसून दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाखा, म्हैसूर आणि आपल्या मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हे यांवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात लक्षावधी माणसे मेली. आणि त्या हाहाकारात १८७७ साली नॉर्मन लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाने आणि डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या मुलकी अंमलदाराने मिळून असे प्रतिपादन केले की, सूर्यावरील डागांची संख्या ज्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढते व घटते, त्या चक्राशी मद्रासकडील पर्जन्याचा आणि म्हणून दुष्काळाचाही संबंध असावा. सूर्याच्या डागांवरून पाऊस आधी कळला, तर धान्याची तजवीज आधी करता येईल, हा विचार सरकारदरबारी पटण्याजोगा होता. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, १७९२ पासून, एक वेधशाळा होती. परंतु समुद्रकाठची दमट, धुळीने भरलेली हवा सौर निरीक्षणास अनुकूल नव्हती. तेव्हा मद्रासचे सरकारी खगोलज्ञ चार्ल्स मिची स्मिथ यांनी दक्षिणेतील डोंगर धुंडाळून ही टेकडी पसंत केली, १८९५ साली कोनशिला बसली आणि १८९९ मध्ये मद्रासच्या वेधशाळेचे खगोलशास्त्रीय काम उपकरणांसह येथे हलविण्यात आले. डागांवरून मोसमी पावसाचे भरवशाचे भाकीत करता येईल, असा संबंध काही पुढे सिद्ध झाला नाही. सरकारने ज्या कामासाठी मंजुरी दिली, ते काम झाले नाही आणि ज्याची कोणी मागणीच केली नव्हती, ते काम झाले. विज्ञानाच्या इतिहासात हे इतक्या वेळा घडले आहे की, संशोधनाच्या खर्चाला आधी फलनिष्पत्तीचा दाखला मागणाऱ्या अधिकाऱ्यांना एकदा या टेकडीवर आणून बसवावे, असे माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

वेधशाळेच्या आवारात शिरल्यावर प्रथम जाणवते ती शांतता आणि मग इमारतींचे साधेपण. दगडी भिंती, पांढरे घुमट, मध्ये फुलझाडे. एका घुमटाखाली सहा इंच व्यासाची जी दुर्बीण आहे, तिची मूळ बांधणी पॅरिसच्या लरबूर व सक्रेतां यांच्या कारखान्यात झाली, मद्रासच्या वेधशाळेने ती १८५० मध्ये घेतली आणि १८९८ साली डब्लिनच्या ग्रब यांनी तिची पुनर्रचना केली. या दुर्बिणीने सूर्याची सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची छायाचित्रे घेण्याचा शिरस्ता येथे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पांढऱ्या प्रकाशातील रोजची छायाचित्रे १९०४ पासून जतन केलेली आहेत आणि त्यांच्या जोडीला कॅल्शियमच्या एका जांभळ्या रेषेच्या व हायड्रोजनच्या तांबड्या रेषेच्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांचीही मालिका आहे. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सूर्याचे चित्र घ्यावयाचे, तारीख व वेळ नोंदवावयाची आणि काच कपाटात ठेवावयाची, एवढेच ते काम. त्यात दिपवून टाकणारे काही नाही. पण आज जगातील संशोधक सौरचक्राचा मागील शंभर वर्षांचा हिशेब मांडतात, तेव्हा याच कपाटांतील काचांच्या संगणकीय प्रती उघडतात.

एक काचपट्टी मी प्रकाशासमोर धरून पाहिली. बिंबाच्या मध्याकडून कडेकडे जाताना तेज हळूहळू मंदावत होते, आणि विषुववृत्ताच्या किंचित वर डागांचा एक समूह होता. त्यांतील मोठ्या डागाचा गाभा शाईसारखा काळा आणि त्याभोवती फिकट करड्या रंगाची, आतून बाहेर रेघा ओढल्यासारखी दिसणारी झालर. काळा म्हणावयाचा तो सापेक्षतेने. सूर्यपृष्ठाचे तापमान सुमारे ५८०० केल्विन असताना डागाच्या गाभ्यात ते ४००० च्या आसपास उतरते, म्हणून तो भाग शेजारच्या झगझगाटापुढे काळवंडलेला वाटतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रामुळे तेथे खालून वर येणाऱ्या उष्ण वायूचे अभिसरण अडते, हे त्याचे कारण. गाभ्याला प्रच्छाया आणि झालरीला उपच्छाया ही नावे ग्रहणाच्या परिभाषेतून आली आहेत. वास्तविक येथे कशाचीच सावली पडलेली नसते.

या झालरीतच कोडाईकनालचे नाव जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेले. ते कसे, हे समजावून घेण्यासाठी त्या आवारातील टनेल टेलिस्कोपपाशी जावे लागते. १९६० च्या सुमारास बसविलेल्या या दुर्बिणीला नळी नाही. ११ मीटर उंचीच्या मनोऱ्यावर ६० सेंटिमीटर व्यासाचे सपाट आरसे आहेत. ते यंत्राच्या गतीने सूर्याच्या मागोमाग वळतात आणि त्याचा प्रकाश खाली उतरवून, जमिनीखालच्या ६० मीटर लांबीच्या आडव्या बोगद्यात सोडतात. तेथे ३८ सेंटिमीटर व्यासाचे, ३६ मीटर नाभीय अंतराचे भिंग आहे. भुयारातील थंडावा अंगाला जाणवतो, पावलांचा आवाज घुमतो, आणि टोकाशी पडद्यावर सूर्य उमटलेला असतो: ३४ सेंटिमीटर व्यासाचा, जेवणाच्या ताटाएवढा, कडा किंचित थरथरणारी. त्या थरथरीचा उगम सूर्यात नव्हे, आपल्या वातावरणात असतो. सोबतच्या जाणत्या तंत्रज्ञांनी पेन्सिलीच्या टोकाने एका डागाकडे निर्देश केला. तो माझ्या नखापेक्षाही लहान होता. या प्रमाणात आपली पृथ्वी केवढी, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी पेन्सिलीचे शिसे दाखविले. हिशेबाने पाहिले तर पृथ्वी येथे जेमतेम तीन मिलिमीटरांची भरते, म्हणजे त्या नखाएवढ्या डागात ती सहज मावली असती.

परंतु चित्र हा या दुर्बिणीचा खरा हेतू नाही. पडद्याच्या जागी एक अरुंद फट आहे. सूर्यप्रतिमेतील त्या फटीवर पडणारी पट्टीच तेवढी आत जाते आणि १८ मीटर लांबीच्या वर्णपटलेखकात, सूक्ष्म रेघांनी आखलेल्या जाळीवरून परावर्तित होऊन, रंगांत पसरते. आणि त्या रंगपटावर शेकडो काळ्या रेषा उभ्या दिसतात. १८१४ साली फ्राउनहोफर यांनी या रेषांची पद्धतशीर नोंद केली, १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठराविक असतात हे दाखवून दिले, आणि ज्या ताऱ्यापर्यंत कोणी जाऊ शकत नाही, त्याच्या घटकद्रव्यांचा पंचनामा प्रयोगशाळेत बसून करण्याची सोय झाली. अमुक रेषा लोहाची, अमुक सोडियमची, अशी ओळख पटू लागली, आणि १८६८ च्या ग्रहणानंतर एका पिवळ्या रेषेचा धनी पृथ्वीवर सापडेना, तेव्हा त्याला हेलियम असे नाव पडले; ते द्रव्य १८९५ मध्ये रॅम्से यांना पृथ्वीवरही मिळाले.

या ठिकाणी कोकणातील वाचकांशी थोडे बोलणे प्राप्त आहे. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, असे आपल्याकडे हौसेने सांगितले जाते. परंतु १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचे वेध फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन यांनी गुंटूरला घेतले, लॉकियर यांनी ती पिवळी रेषा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहणाविना पाहिली. ते विजयदुर्गावर आले तेव्हा २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण होते आणि हेलियम तोपर्यंत पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत येऊन पोहोचला होता. किल्ल्याचे महत्त्व याने कमी होत नाही. उलट त्या एका दिवशी महाराष्ट्राची भूमी म्हणजे जगातील सौर संशोधकांची छावणीच झाली होती: विजयदुर्गावर लॉकियर, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि आपल्या पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला, आणि विदर्भातील तळणी येथे ब्रिटिश खगोलप्रेमींच्या तुकडीत जॉन एव्हरशेड नावाचा एक तरुण, जो तोवर पेशाने खगोलज्ञ नव्हता.

पुण्याच्या नायगमवालांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक असावे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या काळातील अभियांत्रिकी महाविद्यालयात, त्यांनी वेधशाळा उभारली आणि तीत वीस इंची परावर्ती दुर्बीण बसविली. त्या काळी हिंदुस्थानात तिच्याएवढी दुर्बीण दुसरी नव्हती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, त्यांच्यामागे ते काम चालविणारे कोणी उरले नाही, आणि वेधशाळा मोडून तिच्या उपकरणांची रवानगी कोडाईकनालला झाली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर एक संस्था संपावी, ही गोष्ट पुण्याला भूषणावह म्हणता येणार नाही.

तळणीला आलेले एव्हरशेड १९०७ मध्ये सहायक म्हणून कोडाईकनालला रुजू झाले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, अमेरिकेत हेल यांनी सौरडागांत चुंबकीय क्षेत्र असल्याचे सिद्ध केले होते, आणि डाग म्हणजे सूर्यावरील भोवरे असावेत अशी कल्पना प्रचलित होती. भोवरा असेल तर वायू गोल फिरत असला पाहिजे, आणि तसा तो फिरत असेल तर ते वर्णपटात उमटले पाहिजे. कारण १८४२ मध्ये डॉप्लर यांनी मांडलेल्या नियमानुसार, प्रकाशाचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्याच्या रेषा जांभळ्या टोकाकडे आणि दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे सरकतात. जानेवारी १९०९ मध्ये एव्हरशेड यांनी फट डागावर आडवी-उभी अशी वेगवेगळ्या दिशांनी ठेवून रेषा तपासल्या. सूर्याच्या त्रिज्येला लंब अशी फट ठेवली की, रेषा सरळ. त्रिज्येच्या दिशेने ठेवली की, झालरीच्या भागात रेषा कललेल्या, बिंबाच्या कडेकडील बाजूस तांबड्याकडे आणि मध्याकडील बाजूस जांभळ्याकडे. डाग बिंबाच्या ऐन मध्यावर आला की, हा कल नाहीसा होई.

विद्यार्थ्याने येथे थोडे थांबून कागदावर एक वर्तुळ काढावे. मध्यावरच्या डागातील वायू पृष्ठाला समांतर वाहत असेल, तर तो आपल्याकडेही येत नाही आणि दूरही जात नाही, म्हणून रेषा हलत नाहीत. कडेजवळच्या डागात मात्र तीच गती आपल्या दृष्टिरेषेत येते, आणि कडेकडील वायू दूर व अलीकडील वायू जवळ येताना दिसतो. यावरून निष्कर्ष एकच निघतो: वायू गोल फिरत नाही, तो डागाच्या मध्यापासून बाहेर, पृष्ठालगत, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने वाहतो. भोवऱ्याचा शोध घेण्यास निघालेल्या माणसाला भोवरा सापडला नाही, आणि जे सापडले त्याला आजही एव्हरशेड परिणाम असेच म्हणतात. वरच्या थरांतील वायू मात्र उलट आतल्या बाजूस जातो, हेही येथेच लक्षात आले. हा सारा शोध ज्या सरकण्यावर उभा आहे, ते सरकणे किती, तर ६००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या रेषेचे अवघे ०.०४ अँगस्ट्रॉम.

अशाच सूक्ष्म मोजणीपायी एव्हरशेड यांनी पुढे एक विलक्षण खटाटोप केला. सूर्याच्या कडेकडील रेषा त्यांना किंचित तांबड्याकडे सरकलेल्या आढळत, आणि त्याचा अर्थ गतीने लावावयाचा तर सूर्यावरचा वायू सर्व बाजूंनी नेमका पृथ्वीपासूनच दूर पळतो, असे म्हणण्याची पाळी येई. ही शंका फेडावयाची म्हणून, शुक्रावरून परावर्तित होऊन आलेल्या सूर्यप्रकाशाचा वर्णपट त्यांनी तपासावयास घेतला, कारण शुक्र सूर्यापलीकडे असताना त्याला सूर्याची दुसरी बाजू दिसत असते. आईन्स्टाईन यांच्या सिद्धांतानुसार सूर्याच्या गुरुत्वाकर्षणातून बाहेर पडणारा प्रकाशच किंचित तांबडा होतो, सेकंदाला सुमारे ६३६ मीटर गतीने व्हावा तेवढा. आणि ते सरकणे सौरवायूच्या खऱ्या हालचालींतून वेगळे काढणे हे त्या पिढीचे कूट होते. एव्हरशेड १९२३ मध्ये येथून निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी मेरी याही खगोलज्ञ होत्या. सौरज्वालांवरील ग्रंथात त्या त्यांच्या सहलेखिका होत्या, आणि दान्तेच्या काव्यातील खगोलशास्त्रावरील त्यांचे स्वतःचे पुस्तक १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता या भुयारातून एकदम विश्वाच्या टोकाकडे जावे, तर वाट तीच आहे. एव्हरशेड येथे दोन किलोमीटरांची गती मोजत होते, त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९१२ पासून, अमेरिकेत स्लायफर यांनी त्याच नियमाने सर्पिल तेजोमेघांच्या, म्हणजे आजच्या भाषेत दीर्घिकांच्या, रेषा मोजल्या. देवयानीचा मेघ सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरने आपल्याकडे येताना आढळला. पण बाकीच्यांपैकी बहुतेक सारे दूर जात होते, काही तर हजार किलोमीटरच्या वेगाने. १९२९ मध्ये हबल यांनी अंतरे व गती यांची सांगड घातली: जी दीर्घिका अधिक दूर, ती अधिक वेगाने दूर जाते. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याचे वय आजच्या मापनाप्रमाणे सुमारे १३८० कोटी वर्षे आहे, ही जी वाक्ये आपण पाठ करतो, त्यांच्या मुळाशी काळ्या रेषांचे हे सरकणेच आहे. एवढाच भेद ध्यानात ठेवावा की, डागातील वायू खरोखर धावत असतो, आणि दीर्घिकांच्या बाबतीत मधले अवकाशच ताणले जाते.

पुन्हा सूर्याकडे वळावे, तर रेषांवरून मूलद्रव्ये कोणती ते कळते, पण प्रमाण किती ते रेषा ठळक आहे की पुसट एवढ्यावरून कळत नाही. सूर्यात लोहाच्या रेषा उदंड दिसतात, म्हणून तो लोहाने भरलेला असावा असे पूर्वी वाटे. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी तापमान व अणूंचे आयनीभवन यांचा संबंध सूत्रात मांडला, त्या सूत्राच्या आधारे १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी ताऱ्यांत हायड्रोजन व हेलियम यांचेच प्राबल्य असल्याचे दाखविले, आणि सूर्याच्या ऊर्जेचे मूळ हायड्रोजनच्या संमीलनात आहे, हे त्यानंतर उलगडले. दर सेकंदाला सुमारे ४० लक्ष टन वस्तुमान तेथे ऊर्जेत रूपांतरित होते, आणि तरीही तो आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे असाच तळपत राहील.

कोडाईकनालला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तेथील संग्रहालयात सूर्याची जिवंत प्रतिमा आणि तिचा वर्णपट दाखविण्याची व्यवस्था आहे. तेथे घाईने न जाता त्या काळ्या रेषांसमोर थोडा वेळ उभे राहावे, आणि शक्य तो सकाळीच जावे, कारण जमीन तापू लागली की हवा हलू लागते व दुपारी डोंगरावर ढगही चढतात. ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही, त्यांनी लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी. नुसत्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा, पाहू नये. कागदावरची प्रतिमाच पाहावी आणि शिक्षकांनी त्या वेळी जवळ असावे. रोज एकाच वेळी डागांच्या जागा पेन्सिलीने टिपून घ्याव्या. विषुववृत्ताजवळचा एखादा टिकाऊ डाग मिळाला, तर तो सुमारे २७ दिवसांनी पुन्हा त्याच जागी आलेला दिसेल.